इम्युनोग्लोब्युलिन घरी घेण्याबद्दलचा तो फॉरवर्ड

परदेशात कुणी ना कुणी असलेल्या घरांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय, तो असा: शरीरात पुरेशा अँटिबॉडी न बनणाऱ्या रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, त्वचेखाली घ्यायला तिकडे हातात पंप देऊन घरी पाठवतात. हे नवं खूळ आहे. त्वचेखाली टोचलेलं औषध अर्धं वाया जातं. रिॲक्शन आली तर धावायला कुणी नसतं. सगळा खर्च वाचवायचा डाव आहे. रुग्णांना विचाराल तर दवाखान्यातलं सलाइनच हवं असतं.

‘नवं खूळ.’ 1952 मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाचे डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलात हा दोष ओळखला, तेव्हा त्याला औषध त्वचेखालीच दिलं होतं. शिरेतून देण्याजोगं औषध रुळलं ते 1980 नंतर.

‘अर्धं वाया जातं.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबू. त्वचेखाली दिलेलं सगळं औषध रक्तात पोचत नाही. अमेरिकेत त्यासाठी डोस वाढवतात, एका प्रचलित 20 टक्के द्रावणाचा शिरेतल्या डोसच्या 1.37 पट. युरोपात सहसा तेवढाच ठेवतात आणि पुढे रक्तातलं आयजीजी (मुख्य प्रकारची अँटिबॉडी) व जंतुसंसर्ग पाहून कमी-जास्त करतात. पण फॉरवर्डवाले दुसरी बाजू सांगतच नाहीत. शिरेतून तीन-चार आठवड्यांचं औषध एकदम जातं, पातळी उसळते आणि मग उतरत राहते. पुढची तारीख जवळ आली की अनेकांना गळून गेल्यासारखं होतं. दर आठवड्याला थोडं थोडं घेतलं तर हा चढउतार जवळपास उरत नाही.

‘रिॲक्शन आली तर?’ स्वीडनच्या ॲन गार्डुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 165 रुग्णांच्या 33 हजारांहून जास्त वेळा दिलेल्या डोसांचा हिशेब मांडला. त्यातले बहुतेक घरीच घेतलेले होते. गंभीर रिॲक्शन एकही नव्हती. टोचल्या जागी सूज, लाली, खाज मात्र नेहमीची. शिवाय पंप हातात देऊन कुणी वाऱ्यावर सोडत नाही. सुरुवातीचे डोस नर्ससमोर होतात. बाटलीतलं द्रावण गढूळ नाही ना हे बघायचं, पोटाची चिमूट धरून सुई घालायची, दट्ट्या किंचित मागे ओढायचा. नळीत रक्त दिसलं तर ती सुई काढून दुसरी जागा. शेवटी बॅच नंबर वहीत. या औषधाने रक्तात गुठळी होऊ शकते, हा इशारा मात्र त्वचेखाली घेतानाही लागू आहे, तेव्हा आधी गुठळी झालेल्याने ते डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

‘खर्च वाचवायचा डाव.’ खाट आणि नर्सचा वेळ वाचतो, बरोबर. पण रुग्णाची रजाही वाचते. त्यात काय बिघडलं?

‘सगळ्यांना दवाखानाच हवा.’ घरी घेऊन पाहिलेल्यांपैकी अनेकांना परत जायचं नसतं. प्रवास नाही, शीर शोधत तीनतीनदा टोचणं नाही, वेळ आपल्या सोयीने. पण ‘घरच उत्तम’ असा उलटा फॉरवर्ड आला तर तोही मी पुढे पाठवणार नाही. कुणाचे हात संधिवाताने आखडलेले असतात, कुणाला सुया नको वाटतात, कुणाला आजारपण दवाखान्याच्या दाराशीच ठेवून यायचं असतं. आईवडिलांनाही दर आठवड्याला पोटच्या पोराला टोचणं जड जातं. दर आठवडा नको आणि दवाखानाही नको, अशांसाठी 2013 पासून युरोपात तिसरी वाट आहे: आधी हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम देऊन त्वचेखाली जागा मोकळी करतात, मग पूर्ण डोस एका-दोन ठिकाणी, तीन-चार आठवड्यांतून एकदा, घरीच.