छत्तीस गुण आणि एक मंगळ

"नुसतं इंजिनच तर बदलायचंय," असं मी मार्च महिन्यात बायकोला म्हणालो होतो. या वाक्यातल्या 'नुसतं'ला तिने अजून माफ केलेलं नाही. आमच्या घरात आता हा शब्द कुणी उच्चारला की मुलगी आधी हसते आणि मग विचारते, "किती महिने?"

आम्ही डेट्रॉइटच्या जवळ, नोव्हायला राहतो. गेली अठरा वर्षं मी मोटारीच्या इंजिनांवर काम करतो. म्हणजे संगणकावर. सिलिंडरच्या आत पेट्रोल कसं जळतं, कुठल्या क्षणी किती दाब येतो, हे मी पडद्यावर बघतो. माझी इंजिनं लाल-निळी-हिरवी असतात, ती तेल गळत नाहीत आणि बंद करायची तर खिडकी मिटली की झालं. नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा सहकाऱ्यांनी मला एक कप दिला. त्यावर सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख छापलेला आहे, शून्यापासून ७२० अंशांपर्यंत. रोज सकाळचा चहा मी त्यातच घेतो. खऱ्या इंजिनाशी माझा संबंध वायपरचं पाणी भरण्यापुरता.

त्यात मी लॅन्सिंगच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९७० सालची शेव्हरोले सी-१० उचलून आणली. पिकअप. रंग एके काळी हिरवा. डेट्रॉइट शहराच्या पोटात बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर एवढं मीठ पडतं की गाड्यांचं लोणचं होतं. या गाडीचंही झालं होतं. केबिनचे खालचे कोपरे बोटाने दाबले तर पापडासारखे मोडत. पण मला ती आवडली. तीन गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर, आपल्याकडच्या जुन्या फियाटसारखे. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच. हे मी बायकोला पहिल्या फेरीत सांगितलं, तेव्हापासून ती त्या गाडीत पाठ टेकून बसत नाही.

इंजिन होतं ओळीत सहा सिलिंडरचं, २५० घनइंचांचं, म्हणजे ४.१ लिटरचं. हे इथे कबूल करून टाकतो, की ते उत्तम चालत होतं. सकाळी किल्ली फिरवली की सुरू, दिवसभर शिवणयंत्रासारखं गुणगुणत राही. कागदावर १५५ घोडे. पण ते जुन्या पद्धतीने मोजलेले, म्हणजे पंखा-बिंखा सगळं सोडवून इंजिन एकटं पळवायचं आणि येईल तो आकडा छापायचा. लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात तसा. त्यातले बरेचसे घोडे गाडीत बसवल्यावर दिसेनासे होत. एका रविवारी आय-९६ महामार्गावर चढत असताना चर्चला निघालेल्या एक आजीबाई मला मागे टाकून गेल्या. गेल्या त्या गेल्या, वर धीर दिल्यासारखा हातही हलवला.

दुसरं कारण वुडवर्डचं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. हजारो गाड्या, आणि अर्ध्या बॉनेट उघडून उभ्या. लोक येतात, आत वाकून बघतात, मान डोलावतात. मागच्या वर्षी मीही बॉनेट उघडलं होतं. एक गृहस्थ वाकले, "ओ, सहा," एवढंच म्हणाले आणि पॉपकॉर्न घ्यायला गेले.

तेव्हाच ठरलं, व्ही-८ हवं, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात आठ सिलिंडर. ३५० घनइंच, ५.७ लिटर.

आमच्या शेजारी एक म्हातारबाबा राहतात, तीस वर्षं फ्लिंटच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात फ्लिंटकाका म्हणतो. काका मोजकं बोलतात. मी बेत सांगितल्यावर म्हणाले, "रेडिएटर तोच ठेवणार?" मी हो म्हणालो. ते "बरं" म्हणाले. मला वाटलं, म्हातारा माणूस, सहज विचारतोय.

मी आठवडाभर अभ्यास केला तेव्हा स्थळ फारच उत्तम निघालं. शेव्हरोलेने हे सहा सिलिंडरचं इंजिन आणि छोटं व्ही-८ या दोघांची पाठ एकाच मापाची ठेवलेली आहे. गिअरबॉक्सचे बोल्ट जसेच्या तसे बसतात. इंजिनाचे पाय फ्रेमवर थोडे सरकवावे लागतात, पण त्यासाठीची भोकंसुद्धा कारखान्यातूनच पाडलेली. शिवाय व्ही-८ ताकदीने मोठं असलं तरी लांबीला आखूड. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळत होते. आपल्याकडे इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो, तो बदलायचा म्हणजे आरटीओत खेटे. मिशिगनमध्ये मला कुणी साधं "कशाला?"सुद्धा विचारलं नाही. बायको सोडून.

मग मी भंगारातल्या १९८९ च्या एका पिकअपचं ३५० घेतलं. सहाशे डॉलर. विकणारा दोनदा म्हणाला, "चांगलं आहे." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एप्रिलचे चार शनिवार-रविवार जुनं इंजिन काढण्यात गेले. त्यातला दीड दिवस एका नटाचा. सायलेन्सरचा पाइप जिथे मॅनिफोल्डला लागतो तिथला नट. त्याला मी तेल पाजलं, तापवला, ठोकला, शेवटी मराठीत समजावलं. तो सुटला नाही, मुळासकट मोडला. भाड्याच्या छोट्या क्रेनवर जुनं इंजिन साखळीने लोंबायला लागलं तेव्हा बायको गॅरेजच्या दारात उभी होती. "हे चालत होतं ना?" तिने विचारलं. मी साखळीकडे बघत राहिलो.

आता मंगळाची गोष्ट. जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, नव्याला लावायला घेतलं, तर बोल्ट भोकांत जाईनात. सहा बोल्ट, सहा भोकं, पण एकही समोरासमोर नाही. मी ते पोटाशी धरून पाऊण तास गोल गोल फिरवत होतो. जात्यावर बसल्यासारखा, ओव्या तेवढ्या नव्हत्या. मग कळलं की १९८६ पासून या इंजिनाचं मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं जाऊन एकसंध झालं, आणि त्यापायी क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या, बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं. शिवाय नव्या चाकाला एका बाजूला वजनही लागतं, नाहीतर सगळं थरथरतं. म्हणजे ८५ सालचं इंजिन घेतलं असतं तर जुनं चाक निमूट बसलं असतं. मी ८९ चं घेतलं होतं. का, तर ते जास्त नवीन होतं.

नवीन फ्लायव्हील आणलं. ते आणलंच आहे तर क्लचप्लेटही नवी. क्लचप्लेट आणलीच आहे तर बेअरिंग. मग कार्बोरेटरसाठी जुन्या पद्धतीचं इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल सिलिंडरांत नेणारा भाग) आणलं, ते वर ठेवलं, तर मधले चार बोल्ट तिरके. ८७ पासूनच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणावर, त्या मधल्या बोल्टांचा कोनच बदललेला आहे. सुटे भाग विकणाऱ्या दुकानातला पोरगा मला आता नावाने ओळखायला लागला होता. मी आत शिरलो की तो आधीच परतीचा फॉर्म काढून ठेवी.

मे महिन्यात आबा आले. माझे वडील सांगलीकडच्या एस.टी. डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला, कुणीतरी जाणकार आलं. आबांनी माकडटोपी सारखी केली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे पेट्रोलचं व्हय?"

"हो."

"मग मला नको इचारू. आमच्या डिझेल गाडीला प्लगच नव्हते."

तरी इंजिन गिअरबॉक्सला जोडायच्या दिवशी आबाच कामाला आले. इंजिन साखळीवर तरंगत होतं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत शिरायचा होता, आणि सगळं अर्ध्या इंचावर अडलं होतं. अर्धा इंच म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्या फटीतून बॅटरीचा उजेड आरपार दिसत होता आणि दोन तास तेवढाच दिसत राहिला. मी ढकलतोय, फ्लिंटकाका क्रेन खालीवर करताहेत. आबा खुर्चीवरून म्हणाले, "आरं, गिअरमध्ये टाक आन् मागनं शाफ्ट फिरव की जरा." मी गाडीखाली घुसून शाफ्ट फिरवला. 'टक्' असा आवाज आला आणि उजेड गेला. काकांनी आबांशी हात मिळवला. त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसू लागले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. माझ्याविषयी मात्र त्यांचं एकमत असावं, कारण मी आलो की दोघं गप्प होत.

जुलैत ठिणगीची वेळ आली. व्ही-८ च्या प्लगांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. आठ वायरी डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डबीवर, याच क्रमाने लावायच्या. मी तो रामरक्षेसारखा पाठ केला, अंघोळीतही म्हणायचो. एकदा सांगलीहून आईचा फोन चालू असताना मी पुटपुटत राहिलो. आई एकदम हळू आवाजात म्हणाली, "मटका खेळायला लागलास काय रे?"

पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणला, पुलीवरची खूण शून्यावर मिळवली, डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी लावल्या. बॉनेट काढून ठेवलेलं होतं. मुलगी मोबाइल घेऊन शूटिंगला उभी. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि मी काय झालं ते बघायला कार्बोरेटरवर वाकलो तेवढ्यात त्याच्या तोंडातून हातभर ज्वाळा निघाली. बायको आग विझवायचा सिलिंडर घेऊन आधीच तयार उभी होती. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे ते तेव्हा समजलं. माझी उजवी भुवई गेली. सोमवारी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला मी डावीच बाजू दाखवत बसलो.

आठवडाभर सगळं तपासलं. कार्बोरेटर, पेट्रोल, वायरी, पुन्हा वायरी. फ्लिंटकाका सुट्टीला उत्तरेकडे तळ्यावर गेलेले. आबांनी "डिझेल बसवायचं हुतंस" असा अभिप्राय दिला. शनिवारी सकाळी चहा घेऊन ओट्याशी उभा होतो, समोर कप. शून्य ते ७२०. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एक चक्र पुरं होतं, दट्ट्या दोनदा वर येतो. एकदा पेटवायला आणि एकदा धूर बाहेर काढायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा शून्यावरच येते. मी धूर काढायच्या वेळेला ठिणगी देत होतो. अठरा वर्षं याच आलेखावर माझं घर चाललंय. कप धुऊन पालथा घातला, खाली गेलो, डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फेरा फिरवून बसवला. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. काय तो आवाज! पोटात नगारा वाजावा तसा. पलीकडच्या घराची खिडकी उघडली, मग बंद झाली. बायकोला मी सांगितलं की एक सैल वायर होती. (हा लेख ती वाचणार नाही अशी आशा आहे.)

ऑगस्टचा तिसरा शनिवार. आबा शेजारी, माकडटोपीत, थर्मास मांडीवर. आता आजीबाई काय, कुणीही येऊ दे, अशा थाटात मी वुडवर्डला वळलो. तिथे पंढरीच्या वारीसारखी गर्दी. पहिल्या गिअरमध्ये दहा पावलं जायचं आणि थांबायचं. तासाभरात आम्ही मैलभर सरकलो असू. दुसरा गिअर पडलाच नाही. "आमची लाल गाडी घाटातबी यापरीस पळायची," आबा म्हणाले.

मग तापमानाचा काटा चढायला लागला. तो लाल रेघेला टेकला तेव्हा मला फ्लिंटकाकांचा प्रश्न आठवला. सहा सिलिंडरचा तो छोटा रेडिएटर आठांची उष्णता कुठवर झेलणार? कडेला घेतली, वाफेतून चाचपडत बॉनेट उघडलं.

आणि लोक जमले. वाकून बघायला लागले. "तीनशे पन्नास?" एकाने विचारलं, मान डोलावली. दुसऱ्याने फोटो काढला. आबा पदपथावर घडीची खुर्ची टाकून बसले आणि एका दाढीवाल्याला थर्मासच्या झाकणातून चहा दिला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "पोचलात का? सगळं ठीक?"

"एकदम ठीक. खूप लोक बघताहेत गाडी," मी म्हणालो. "फक्त एक आहे. नुसता रेडिएटर..."

पलीकडून मुलगी हसल्याचं ऐकू आलं.