बिल्टमोर नक्की कोणाचं?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स-चँडलरला मुलांकडे येणारे आपल्याकडचे आईबाबा ग्रँड कॅन्यन बघतात, सेडोना बघतात, कॉस्टकोच्या चार फेऱ्या मारतात आणि विमानात बसतात. माझं म्हणणं, खिशाला झेपत असेल तर एक रात्र फिनिक्सच्या ॲरिझोना बिल्टमोर हॉटेलात राहा. उन्हाळ्यात दर बरेच उतरतात. का, ते दुपारी बाहेर पाऊल टाकलं की कळतंच. 2023 मध्ये फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता! श्रीमंतांनी थंडीत ऊन खायला यावं म्हणून 1929 मध्ये बांधलेलं हॉटेल ते, पिएस्टेवा शिखराच्या पायथ्याशी, तेव्हाच्या गावापासून लांब, वाळवंटात.

तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो, "फ्रँक लॉईड राईटचं हॉटेल." नाही हो. राईट अमेरिकेचा गाजलेला आर्किटेक्ट खरा, पण या हॉटेलचा आर्किटेक्ट होता आल्बर्ट चेस मॅकआर्थर. तरुणपणी राईटच्या हाताखाली शिकलेला. हॉटेल बांधलं काँक्रीटच्या नक्षीदार ब्लॉकांनी आणि ती पद्धत राईटची, म्हणून 1928 मध्ये त्याला काही महिने सल्लागार म्हणून बोलावलं होतं. पुढे खुद्द राईटने लेखी सांगितलं की आर्किटेक्ट मॅकआर्थरच. पण ऐकतो कोण?

ते ब्लॉक मात्र जवळ जाऊन बघाच. तिथल्याच वाळूचं काँक्रीट साच्यात ओतून जागेवरच बनवलेले. आमचे हे बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे पोहायचा तलाव राहिला बाजूला, ह्यांचं लक्ष भिंतीवर. कडांवरून बोट फिरवत म्हणाले, "सेंट्रिंगवाला पक्का होता." सकाळी भिंत सपाट, मातकट दिसते. ऊन कललं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि तीच भिंत रांगोळीच्या छाप्यासारखी उठून येते. लॉबीत सोन्याचा वर्ख लावलेलं छत आहे, सगळे त्याचे फोटो काढतात. मला भिंतच आवडली.

राईटचं नाव चिकटायला एक आगही कारणीभूत असावी. 1973 च्या उन्हाळ्यात हॉटेल बंद असताना आग विझवायचे स्प्रिंकलर बसवत होते, आणि त्याच कामात वेल्डिंगची ठिणगी पडून वरचा भाग जळाला. (ह्यांना हे सांगितल्यावर ते पाच मिनिटं हसत होते.) दुरुस्तीचं काम राईटच्या शिष्यांच्या संस्थेकडे गेलं. त्यांनी राईटच्या जुन्या चित्रावरून निवडुंगाची रंगीत काच बनवून लॉबीत बसवली. आत शिरताच तीच दिसते. मग पाहुण्याने काय समजावं?

मॅकआर्थरचं दुर्दैव इथेच थांबत नाही. हॉटेल काढलं त्याच्याच भावांनी. ते उघडलं त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि सगळं च्युइंगगमवाल्या रिग्लीकडे गेलं. नंतरच्या गोष्टी सगळ्या बड्या लोकांच्या. रेगन दांपत्याचा मधुचंद्र इथला, आणि 2008 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅकेनने ओबामांपुढे हार मान्य केली तीही इथल्याच हिरवळीवर. गाईड या गोष्टी रंगवून सांगतात. तुम्ही मुद्दाम मॅकआर्थरबद्दल विचारा.

आणि राईटच बघायचा असेल तर स्कॉट्सडेलला मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी टॅलिएसिन वेस्ट आहे. 1937 पासून त्याने शिष्यांना हाताशी धरून बांधलेलं घर. तिकीट काढून आतून दाखवतात. तिथे सकाळची वेळ घ्या, आणि पाण्याची बाटली विसरू नका.