‘नागपुरात थेरपिस्ट शोधू नका’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपपासून कॉलेजच्या पालकगटापर्यंत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: “नागपुरात थेरपिस्ट शोधण्यात वेळ घालवू नका. इथे एक तर गोळ्या लिहून देणारे आहेत, नाही तर गप्पांचे पैसे घेणारे. गूगलवर स्टार बघून निवडा. पागलखान्यात नाव लागलं की नोकरी आणि लग्न दोन्ही गेलं. गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर. खरा थेरपिस्ट दोन भेटीत ओळखतो. त्यापेक्षा अ‍ॅपवरून मुंबई-बंगळुरूचा माणूस धरा, किंवा सरळ विपश्यनेला बसा.”

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच बाकीची पचतात. एकेक घेऊ.

“एक तर गोळ्या देणारे, नाही तर गप्पा मारणारे”

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘थेरपिस्ट’ अशी कुठली नोंदणी आपल्याकडे नाही. तो शब्द पाटीवर कुणीही रंगवू शकतो. त्यामागे तीन वेगळी माणसं असतात, आणि आपल्याला यातलं नेमकं कोण हवं आहे हे न ठरवता निघालं की फॉरवर्डवाल्याला आला तसा अनुभव येतो.

पहिले सायकॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एम.बी.बी.एस. करून पुढे मानसोपचारात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. गोळ्या हेच लिहू शकतात. गर्दीच्या ओपीडीत त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, ही तक्रार खरी आहे. पण तपासून औषध ठरवणं हेच त्यांचं तिथलं काम. दर आठवड्याला पाऊण तास ऐकून घेण्याची अपेक्षा चुकीच्या दारात ठेवली तर निराशा होणारच.

दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यांची नोंदणी १९९२च्या कायद्याने चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असते. आजवरचा नेहमीचा मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हे गोळ्या लिहीत नाहीत. मानसिक चाचण्या घेतात आणि पद्धतशीर थेरपी करतात. संख्येने कमी आहेत, त्यामुळे थांबावं लागतं.

तिसरे समुपदेशक, आपल्या बोलीत कौन्सिलर. एम.ए. सायकॉलॉजी, एम.एस.डब्ल्यू., एखादा डिप्लोमा, काहीही असू शकतं. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात या मंडळींना जागा केली आहे. तरीही समोरच्याची पदवी आपणच विचारायची. नवरा-बायकोची धुसफूस, बारावीचा ताण, घरातला मृत्यू अशा वेळी चांगला कौन्सिलर पुरेसा असतो. आवाज ऐकू येणं, दोन-दोन रात्री झोप न येता अंगात वारं शिरल्यासारखं वागणं, दिवसातून पन्नासदा हात धुणं, यासाठी तो एकटा पुरेसा नाही. आणि चांगला असेल तर तो स्वतःच तसं सांगतो.

आता धंतोलीच्या एखाद्या गल्लीत दिसू शकेल अशी पाटी वाचून बघू: ‘डॉ. अमुक, एम.ए., पीएच.डी., हिप्नोथेरपिस्ट, एन.एल.पी. मास्टर, लाइफ कोच.’ इथला ‘डॉ.’ पीएच.डी.चा आहे. पुढच्या तिन्ही गोष्टी खासगी प्रमाणपत्रांच्या आहेत. मेडिकल कौन्सिलची नोंदणी या पाटीत नाही आणि आर.सी.आय.चीही नाही. माणूस खोटा आहे असं यावरून ठरत नाही. पण भावाला संशयाचे झटके येत असतील तर त्याला घेऊन जायची ही जागा नव्हे.

पाटीवर आर.सी.आय. नंबर असला तरी एक पाऊल पुढे जायचं. स्पेशल एज्युकेटर, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांनाही आर.सी.आय.चाच नंबर मिळतो. परिषदेच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकून दोन गोष्टी पाहायच्या: नोंद ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून आहे का, आणि मुदत संपलेली तर नाही ना. पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

“गूगलवर स्टार बघा”

ज्याचं पॅनिक अटॅकचं दुखणं बरं झालं तो स्वतःच्या नावाने ते गूगलवर लिहीत नाही. लिहिलं जातं ते पार्किंगबद्दल, थांबायला लागलेल्या वेळाबद्दल, रिसेप्शनवरच्या बाईंच्या बोलण्याबद्दल. धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून एक स्टार, यावरून थेरपी कळत नाही. उलट पेशंटला भेट संपल्या संपल्या ‘रिव्ह्यू टाका ना’ म्हणणारा माणूस गुप्ततेबाबत ढिला आहे, एवढं नक्की कळतं.

स्टारऐवजी फोन करा. रिसेप्शनला सगळी कहाणी सांगू नका, एका वाक्यात त्रास सांगा आणि थेट थेरपिस्टशी पाच मिनिटं बोलता येईल का ते विचारा. मग हे विचारा: “हातात घेतलेलं काम पुन्हा पुन्हा तपासत बसण्याचा त्रास आहे. यासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता?” हा त्रास ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती. त्यासाठी उत्तरात ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि ती कृती टाळायची) किंवा निदान ‘ई.आर.पी.’ यायला हवं. चिंता आणि नैराश्यासाठी सी.बी.टी., म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी, हे नेहमीचं उत्तर, आणि तिचे साधारण १२ ते २० सेशन होतात. “आम्ही सगळ्यांसाठी सगळं करतो, आधी या तर खरं” असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

त्याच फोनवर सेशन किती मिनिटांचं (४५ ते ६० असतं), फी किती, ऐन वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का, संध्याकाळी सातनंतर वेळ मिळते का, हेही विचारून घ्या. फीचा हिशेब एका सेशनचा करू नका. सेशनला १,००० रुपये धरले तरी १२ सेशनचे १२,००० होतात. चौथ्या सेशनला पैसे संपून थेरपी अर्धवट सुटते, आणि मग ‘थेरपीने काही होत नाही’ असं नाव पडतं. परवडत नसेल तर आधीच सांगा. पंधरा दिवसांतून एकदा भेट आणि मधल्या काळात घरी करायचा अभ्यास, अशी मांडणी बरेच जण करून देतात.

“पागलखान्यात नाव लागलं की संपलं”

छिंदवाडा रोडवरच्या चौकालाच लोकांनी पागलखाना चौक करून टाकलं आहे, त्यामुळे भीती समजते. ती जागा म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालय. येरवडा, ठाणे आणि रत्नागिरीबरोबर राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे: केसपेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं, औषध घेऊन घरी यायचं. हे रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि त्या विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत.

ते नाव नकोच असेल तर मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, हिंगणा बाजूचं लता मंगेशकर रुग्णालय, या सगळ्यांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे त्वचारोगाच्या ओपीडीला जाणारा आणि मानसोपचाराच्या ओपीडीला जाणारा एकाच गेटमधून आत जातो.

नोकरीचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातलं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं. उपचार करणारे दुसरे डॉक्टर, रुग्णाने नेमलेली व्यक्ती, जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर माहिती बाहेर द्यायची नाही. केसपेपर ऑफिसला पोचत नाही. रुग्णालयात दाखल व्हायची भीतीही तशीच: स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ माणसाला एरवी स्वतःच्या इच्छेने घरी जाता येतं. एक गोष्ट मात्र लपवू नका. आरोग्य विमा काढताना फॉर्ममध्ये विचारलं तर उपचार सुरू असल्याचं लिहा, नाही तर पुढे क्लेम अडकतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं, असं याच कायद्यात म्हटलं आहे. पण आठवड्याच्या थेरपीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही, त्या फक्त दाखल झाल्यावरच्या खर्चाला असतात.

सरकारी ओपीडीला सकाळी लवकर जा. सोबत जुनी प्रिस्क्रिप्शन, थायरॉइड आणि बी-१२चे रिपोर्ट असतील तर ते (थायरॉइड बिघडलं तरी माणूस मलूल होतो आणि त्याला डिप्रेशन समजलं जातं), सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, त्यात आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. आणि अर्ध्या पानावर: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, दारू-खर्रा किती. डॉक्टरांकडचा थोडा वेळ या अर्ध्या पानाने दुप्पट होतो.

“गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर”

दोन वेगळ्या गोळ्या एकाच पिशवीत टाकल्या आहेत. नैराश्यावरच्या एस.एस.आर.आय. गटातल्या गोळ्यांची नशा लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, बेचैनी होते आणि बरेच जण तिथेच सोडतात. पहिल्याच वेळेचं नैराश्य असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, झटके लागल्यासारखं वाटतं, आणि त्यालाच लोक ‘सवय लागली’ म्हणतात.

सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घाबरटपणाच्या गोळीची. ती काही आठवड्यांसाठी असते. अशी गोळी विकताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवणं मेडिकल स्टोअरवाल्याला बंधनकारक आहे. ओळखीच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं ती आणणं, फॉरवर्डमधला ‘जन्मभर’ तिथून येतो. काही रुग्णांना, उदाहरणार्थ बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियात, औषध खरोखरच लांब चालतं. मधुमेहात चालतं तसंच.

“खरा थेरपिस्ट दोन भेटीत ओळखतो”

नेमकं उलटं. पहिली एक-दोन सेशन माहिती घेण्यातच जातात: घर, शिक्षण, जुने आजार, कुटुंबात कुणाला काही होतं का. पहिल्या तासात ‘तुमचा प्रॉब्लेम मला कळला’ म्हणणारा घाई करतो आहे. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत मात्र उद्दिष्ट काय, पद्धत कोणती, सुधारणा कशावरून मोजणार, हे बोललं गेलं पाहिजे. नसेल तर विचारा.

मोजण्याचं साधं साधन म्हणजे पी.एच.क्यू.-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० पासून पुढे मध्यम नैराश्य, २० पासून पुढे तीव्र. सुरुवातीला एकदा भरा, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. पाच गुणांनी उतरलं तर फरक खरा. हललंच नाही तर आधी थेरपिस्टशी बोला, पद्धत बदलून बघा, सायकॅट्रिस्टचं मत घ्या, मग माणूस बदला. शेवटचा, नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्यात शून्याखेरीज काहीही असेल तर बेरजेची वाट न बघता लगेच सांगायचं.

काही गोष्टींवर मात्र पहिल्याच भेटीत उठून यायचं: अंगचटीला येणं, पत्रिका मागणं, २० सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला लावणं, डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करायला सांगणं.

“अ‍ॅपवरून मुंबई-बंगळुरूचा धरा”

काटोल, उमरेड, रामटेकहून दर आठवड्याला बर्डीपर्यंत येणं कठीण असेल तर ऑनलाइन उत्तम. पण भाषेचा विचार करा. “जीव घाबरते”, “मन लागत नाही”, “डोक्यात भणभण होते” या तिन्हीचा अर्थ वेगळा आहे, आणि इंग्रजीत तिन्हीचं ‘अँग्झायटी’ होतं. दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडे बसलेली असताना मोकळं बोलता येत नाही, तेव्हा जागाही आधी ठरवा. रात्री काही झालं तर दूरचा माणूस काय करणार, हेही विचारा. चांगला ऑनलाइन थेरपिस्ट पहिल्याच सेशनला तुमचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर लिहून घेतो.

“सरळ विपश्यनेला बसा”

नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहे, आणि साधना म्हणून दहा दिवसांचं शिबिर अनेकांना भावतं. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं या शिबिरांच्या नियमावलीतच म्हटलं आहे. अर्जात आजार आणि औषधांबद्दल विचारतात ते त्यासाठीच. गोळी लपवून, बंद करून दहा दिवस मौनात बसणं म्हणजे रोग वर आणण्याचा रस्ता.

एका परिस्थितीत वरचं काहीच लागू नाही. माणूस जीव देण्याची भाषा करतो आहे, कुणाला भेटून निरोप घेतल्यासारखं बोलतो आहे, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लगेच धोका असेल तर १०८ लावा किंवा मेडिकल-मेयोच्या कॅज्युअल्टीत न्या. तोवर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीवरची फवारणीची औषधं शेजाऱ्याकडे ठेवा, कुलपात ठेवली तरी किल्ली कुठे असते ते त्याला माहीत असतं.