बिनमातीची माती

माझं पहिलं सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांचं झाड, बुडून मेलं. कुंडीत. वीतभर कुंडीत कुणी बुडून मरू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आधी खालची पानं पिवळी पडून काचेसारखी आरपार दिसायला लागली. मला वाटलं, तहानली असतील, म्हणून पाणी घातलं. मग ती हात लावताच गळायला लागली. फारच तहानलीत की, म्हणून आणखी घातलं. शेवटी बुंधा काळा पडला आणि झाड आपणहून आडवं झालं. कुंडी उलटी केली तर माती अख्खा गोळा होऊन बाहेर आली. वासावरून आत किती दिवस काय चाललं होतं, ते नाक असलेल्या कुणालाही कळलं असतं.

एचेव्हेरिया होतं ते. अतानासिओ एचेव्हेरिया हा अठराव्या शतकातला मेक्सिकन चित्रकार. १८२८ मध्ये या वनस्पतींना त्याचं नाव मिळालं. त्याने झाडांची चित्रं काढली. कागदावरच्या झाडाला निचरा लागत नाही. शहाणा माणूस!

‘माती चुकली’ असं निदान ज्याने त्याने केलं. झाडाला लावली ती बागेतली छान, काळसर, ओल धरून ठेवणारी माती होती, आणि नेमकी तीच माती मी खाल्ली होती. या मंडळींच्या पानांतच पाण्याची टाकी असते. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ती दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात आणि रात्री उघडतात. इतकी काटकसर करणाऱ्याला आपण चोवीस तास ओल्या मातीत उभं करतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि उरलेलं काम बुरशी करते.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला आणि खास सक्युलंटसाठीची तयार मातीची पिशवी आणली. पिशवीवर वाळवंटाचं चित्र होतं. आत मुख्यतः पीट मॉस निघालं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ. चित्र वाळवंटाचं, माल दलदलीचा! ओलं झालं की ते दिवसेंदिवस वाळत नाही. आणि एकदा ठणठणीत वाळलं की पाण्याला अंगाला शिवू देत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने थेट बशीत उतरतं. म्हणजे झाडाने मरायचं कसं, एवढीच निवड त्याच्या हातात.

मग कुणीतरी म्हणालं, वाळू मिसळ. मी मिसळली. चाळलेली, रेशमासारखी बारीक, कारण कामात नेटकेपणा हवा. बारीक वाळू मातीच्या कणांमधल्या उरल्यासुरल्या फटींत जाऊन बसते, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर कुंडीत वीट तयार झाली होती. झाड जिवंत होतं, पण ते बाहेर काढायला कुंडी फोडावी लागली.

तळाशी खडे घाल, हा सल्ला तर मला इतक्या जणांनी दिला की तो खराच असणार असं वाटलं. खडे घातले की पाणी भराभर खाली जातं म्हणे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजासहजी उतरतच नाही. वरची माती तुडुंब भिजेपर्यंत ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे खड्यांनी निचरा सुधारत नाही, चिखल फक्त वरच्या मजल्यावर राहायला येतो. हे मला पटेना. म्हणून मी भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला. पाणी ठिबकून थांबलं. मग तोच स्पंज उभा धरला, तर आणखी पाणी गळायला लागलं! उंची वाढली की तळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याचा वाटा कमी होतो. खडे घालून मी मातीची उंचीच कमी करत होतो. मी स्पंज पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा केला. आनंदाने मान वर केली तर दारात बायको उभी.

“काय करतोयस?”

“प्रयोग.”

“भांडी तशीच आहेत.”

विज्ञानाचा इतिहास अशा प्रसंगांनी भरलेला असणार.

शेवटी एकदाचं कळलं ते असं की, सक्युलंटच्या योग्य मातीत माती जेमतेम चवीपुरती असते. बाकी सगळे खडेच, पण तळाशी वेगळे नाहीत; सगळीकडे मिसळलेले. मी परलाइट आणलं. ज्वालामुखीची काच साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती कितीतरी पट फुगते, तेच हे पांढरं, हलकं प्रकरण. वापरण्याआधी त्यावर पाणी शिंपडावं, नाहीतर पूड नाकात जाते, हे मी अकराव्या शिंकेनंतर वाचलं. शिवाय ते इतकं हलकं की पाणी घातलं की तरंगत वर येतं. त्यापेक्षा प्यूमिस बरा. तोही ज्वालामुखीचाच, सच्छिद्र दगड, पण जागा धरून बसतो. दोन भाग प्यूमिस, एक भाग कंपोस्ट.

आणि खड्यांचा आकार तीन ते सहा मिलिमीटर. त्याहून बारीक ते सगळं काढून टाकायचं. त्यासाठी चाळणी हवी. घरात चाळणी एकच होती, स्वयंपाकघरात. ती आता स्वयंपाकघरात नाही, यावर अधिक बोलण्याची मला परवानगी नाही. “फक्त दोन दिवस” असं मी सांगितलं होतं, एवढं नमूद करतो.

झाडाची मुळं झाडून मोकळी केली आणि जखमा सुकाव्यात म्हणून ते चार दिवस वर्तमानपत्रावर उघडं ठेवलं. घरी येणारा प्रत्येक जण “हे टाकायचंय का?” असं विचारत होता, दोघांनी तर उचललंही. पाचव्या दिवशी लावलं, आठवडाभर थांबलो, मग पाणी घातलं. बघता बघता खालच्या छिद्रातून बाहेर! मी बायकोला बोलावून दाखवलं. “पाणी गळतंय,” ती म्हणाली. “हो ना!” मी म्हणालो. आमचं बोलणं तिथेच संपलं.

काल बायको चाळणी मागायला आली. दोन दिवसांचे सहा आठवडे झाले होते. मी गॅलरीतून आणायला गेलो, तर चाळणीत उरलेल्या चार खड्यांवर झाड लावताना गळलेलं एक पान पडलेलं. त्याला गुलाबी, केसासारखी मुळं फुटली होती आणि टोकाशी मुगाच्या दाण्याएवढं अख्खं एचेव्हेरिया बसलं होतं. मी तसाच परत आलो आणि तिला समजावू लागलो की, निचऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर चाळणीइतकी भोकं कुठल्याच कुंडीला नसतात.