‘पालकांनो सावधान’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. मथळा ‘पालकांनो सावधान’, खाली सहा मुद्दे, शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’. मुद्दे थोडक्यात असे: कुस्ती, कराटे, ज्युदो, काठी हे पैलवानाच्या घरातल्यांचं काम, साध्या माणसाला तो खुराक परवडत नाही. लहानपणी केलं तर उंची खुंटते. पंचविशीनंतर शिकून उपयोग नाही आणि चाळिशीनंतर गुडघे जातात. मध्येच सोडलं तर स्नायूंची चरबी होते. मुलींना दोन दिवसांचं शिबिर पुरे, रोजचा क्लास कशाला? आणि हे शिकलेली पोरं शेवटी पोलीस स्टेशनात दिसतात.

मी सांगलीत विश्रामबागेत एका भाड्याच्या हॉलमध्ये सोळा वर्षं ज्युदो आणि काठी शिकवते. माझ्याकडे हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले एक काका येतात, दोन नर्स येतात, एक एसटी ड्रायव्हर, शिवणकाम करणाऱ्या एक काकू आणि अकरावी-बारावीच्या मुली. यातलं कुणीही उद्या स्पर्धेला उतरणार नाही. या मेसेजनंतर दोन घरांनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली. त्या दोघी हौसेनं यायच्या, म्हणून हे लिहायला बसले.

खुराकापासून सुरुवात करते. मल्लाला दूध, तूप, बदाम, थंडाई लागते, कारण तो पहाटे आणि संध्याकाळी मिळून कितीतरी तास मेहनत करतो. हजारावर बैठका मारणाऱ्याचं पोट आणि आठवड्यातून तीन दिवस तासभर येणाऱ्या शिंपीणकाकूंचं पोट एकाच मापानं कसं मोजायचं? माझ्या क्लासला येणाऱ्यांना मी भाकरी, डाळ-उसळ, दही, जमलं तर एखादं अंडं एवढंच सांगते. घरात आधीपासून शिजतं तेच. वेगळा खर्च झालाच तर तो ज्युदोच्या जाड झब्ब्याचा, आणि पहिले सहा महिने तोही लागत नाही.

‘पैलवानाच्या घरातल्यांचं काम’ हे तर आपल्या मुलखातल्या माणसानं लिहावं याचं मला वाईट वाटलं. गावच्या तालमीत पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायला, जोर-बैठका मारायला आळीतली सगळी पोरं जायची. मैदानात लांग (पैलवानी लंगोट) चढवून उतरणारी त्यातली बोटावर मोजण्याइतकी. बाकीची घरी येऊन आंघोळ करून शेतात नाहीतर शाळेत. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. पुण्यात ते लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले, आणि त्यांना काही फडात कुस्ती मारायची नव्हती. १९४३ नंतर कुंडलच्या बाजूला प्रतिसरकारच्या तुफान सेनेत कवायत करणारी पोरं शेतकऱ्यांच्या घरचीच होती.

परदेशी म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्या विद्यांचंही तसंच आहे. ज्युदो काढणारे जिगोरो कानो लहानपणी अंगानं किरकोळ होते, दांडगी पोरं त्यांना त्रास द्यायची. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ते पेशानं शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेचे गुरू अंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे प्राथमिक शाळेत आणलं ते सगळ्या पोरांच्या शरीरासाठी. सामान्य माणसाला यात जागा पहिल्यापासून आहे.

उंचीचा मुद्दा लवकर आवरते. हाडं वाढतात ती टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यातून. जोर, बैठका, उड्या, पडण्याचा सराव यांनी ती वाढ थांबत नाही. तिथे जबर दुखापत झाली तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते, आणि तशी दुखापत झाडावरून किंवा सायकलवरून पडूनही होते. म्हणून लहान मुलांना मी हात पिरगाळायचे आणि गळा आवळायचे डाव शिकवत नाही. खरा धोका दुसराच आहे: स्पर्धेच्या वजनगटात बसवण्यासाठी वाढत्या वयातल्या पोराला उपाशी ठेवणं. कुणी प्रशिक्षक तसं सांगत असेल तर त्याच दिवशी पोराला घरी आणा.

स्नायूंची चरबी होत नाही. दोन्ही पेशी वेगळ्या, एकीची दुसरी होत नाही. मेहनत सुटते, स्नायू बारीक होतात आणि जेवण मात्र पूर्वीसारखंच चालू राहतं, त्यामुळे पोट सुटतं. जुने मल्ल जाड झालेले दिसतात त्याचं कारण एवढंच. मेहनत कमी झाली की ताटही कमी करायचं.

आता वयाचा मुद्दा. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या निम्म्या क्लासचं वय चाळीसच्या पुढं आहे.

माझ्याकडे नवीन आलेल्या माणसाला पहिले दोन महिने फेकायला शिकवत नाही, पडायला शिकवते. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. आधी गादीवर बसून मागं लोळायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. हनुवटी छातीला चिकटलेली, पाठ गोल, हात अंगापासून थोडा बाजूला, आणि तळवा ते कोपर एकदम गादीवर. साधं वाटतं, पण शरीर ऐकत नाही. मागं जाताना माणूस हात मागं टेकवतो आणि डोकं मागं सोडतो. मनगट मोडतं ते टेकवलेल्या हातावर सगळा भार आल्यानं. डोकं मागं सुटलं तर काय होतं ते सांगायला नको.

शिंपीणकाकू ५४ व्या वर्षी माझ्याकडे आल्या तेव्हा साडी सावरत गादीच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. खाली बसायला त्यांना भिंतीचा आधार लागायचा. तिसऱ्या महिन्यात त्या उकिडव्या बसून मागं लोळायला लागल्या. पुढच्या श्रावणात कृष्णेच्या घाटावर शेवाळावरून त्यांचा पाय गेला. कंबरेला मुका मार लागला, आठ दिवस शेकलं आणि पुन्हा मशिनीवर बसल्या. मला म्हणाल्या, “हात मागं गेलाच न्हाई बघा ताई. हनुवटी आधी आत गेली, मग मला कळलं मी पडले.” त्यांच्याच आळीतल्या, त्यांच्याच वयाच्या एक बाई त्याच पावसाळ्यात अंगणात पडल्या, त्यांच्या मनगटाला प्लास्टर आलं.

एका काकूंवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना काढून बघा. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, म्हणजे पडणं कमी होतं, असं त्यात सांगितलं आहे. ताई ची ही मुळात चिनी युद्धकला. ती सावकाश करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पंचविशीनंतर शिकून उपयोग नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या आईला एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगावं आणि शेजारी स्वतः उभं राहावं.

गुडघ्यांबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. पंचेचाळिशीचा माणूस पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लागला तर गुडघा बोलणारच. पण गुडघेदुखीवर मांडीचे स्नायू बळकट करायला डॉक्टरच सांगतात. माझ्याकडे सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्यानं होते, बैठक नंतर येते, ती कमी खोल, आणि कुणाकुणाची शेवटपर्यंत तेवढीच राहते. रक्तदाब असलेल्यांना जोर लावताना श्वास कोंडायचा नाही हे रोज सांगावं लागतं, कारण श्वास कोंडला की दाब एकदम चढतो. हाडं ठिसूळ झालेल्यांना मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादीवर घेत नाही. दिवाणजीकाकांना साखर आहे, त्यांच्या गोळ्या आणि नाश्ता यांची वेळ बघूनच त्यांना सकाळच्या तुकडीत ठेवलंय. वयात अडचणी असतात, प्रत्येकीचा बंदोबस्तही असतो.

मुलींचा मुद्दा. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये आपल्या सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी या आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीनं ती गदा नेली. त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. पण विजेतीचं नाव पुढे करून मला हा मुद्दा जिंकायचा नाही. प्रश्न आहे तो त्या मुलींचा, ज्या कधीच आखाड्यात उतरणार नाहीत.

दोन दिवसांची शिबिरं मीही घेतली आहेत. एका शाळेत तिसऱ्या महिन्यात परत गेले आणि मुलींना एवढंच म्हटलं, मनगट धरलंय, सोडवा. पकड सुटते ती समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं, कारण तिथे फट असते. शिबिरात प्रत्येकीनं हे दहा-दहा वेळा केलं होतं. बहुतेकींनी हात नुसता मागं ओढला. चूक मुलींची नव्हती. हाताला सवय लागायला आठवड्यामागून आठवडे जावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, थोड्या तासांचा उपयोग झाल्याचेही दाखले आहेत. आहेत, आणि मी ते लपवणार नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यातलं प्रशिक्षण १२ तासांचं होतं, तीन-तीन तासांचे चार भाग. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांत ९.८ टक्के होतं, घेतलेल्यांत ५.२ टक्के. पण त्या १२ तासांत होतं काय ते बघा. लाथा-बुक्क्यांना त्यात एकच भाग होता. बाकी वेळ ओळखीच्या माणसाचं वागणं कधी बदलतंय ते ओळखणं, ‘त्याला वाईट वाटेल’ हा संकोच मोडून नाही म्हणणं, आणि आपल्याला नेमकं काय हवं-नको ते स्वतःशी ठरवणं यात गेला.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शिबिरात आम्ही मात्र अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसावर डाव शिकवतो. ओळखीचा काका, शिकवणीचे सर, भावाचा मित्र यांना मोठ्यानं “हात काढा” म्हणायचा सराव किती शिबिरांत होतो? माझ्या क्लासमध्ये दर शनिवारी होतो. पहिल्या शनिवारी कुणाचाही आवाज फुटत नाही. घसा खाकरतात, हसतात, एकमेकींकडे बघतात. दोन-तीन महिन्यांनी हॉलच्या बाहेर ऐकू जातो. रोजचा क्लास लागतो तो यासाठी. आणि हेही इथेच लिहून ठेवते: एखादीला तो आवाज ऐन वेळी काढता आला नाही, तर दोष करणाऱ्याचाच, तिचा नाही.

शेवटचा मुद्दा पोलीस स्टेशनचा. आपल्या भागात पैलवानांना निवडणुकीत नाहीतर वाळूच्या धंद्यात दहशतीला वापरलं गेलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते नाकारणं खोटेपणा होईल. पण त्या पोरांना डावानं नासवलं नाही. मैदानं मिळेनात, नोकरी लागेना, खुराकाचं कर्ज डोक्यावर, आणि कुणीतरी गाडी आणि पैसे देऊ केले. माझा एसटी ड्रायव्हर त्या वाटेनं कशाला जाईल?

कायदाही सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा हक्क दिलेला आहे, पण बचावाला लागेल तेवढाच मार. समोरचा पळायला लागला आणि तुम्ही मागं धावून मारलं, तर तो बचाव राहत नाही. हे मी काठी हातात देण्याआधी सांगते, आणि त्याच्याही आधी पळायला सांगते. मोबाईल मागितला तर देऊन टाका, दार दिसलं तर दाराकडे जा.

ज्या दोन मुलींची नावं निघाली त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे, माझ्याकडे नाही तर दुसऱ्या कुठल्या क्लासला पाठवा. पाठवण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून बघा. जमिनीवर गाद्या आहेत का, आधी अंग गरम करून घेतात का, कुणाला लागलं तर तास थांबतो का. आणि वस्तादांना विचारा, पडायला कधी शिकवता? ‘नंतर बघू’ म्हणाले तर तिथून निघा.