अलोन्सोचे ३.१ कोटी डॉलर महाग, मग बिशेटचे ४.२ कोटी कसे परवडले?

मेट्सवाल्यांनो, म्हणजे न्यू यॉर्कच्या या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनो, आता बोलूनच टाकतो. ऑक्टोबरपासून आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे, ‘कोहेनकडे पैसा आहे, काळजी कशाला करता!’ आहे हो पैसा. स्टीव्ह कोहेनने २०२० मध्ये संघ घेतल्यापासून हात कधी आखडता घेतलेला नाही. फलंदाज हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले, तेव्हा भारतातल्या मित्रांना मी थापा मारतोय असंच वाटलं होतं. आयपीएलमध्ये अख्खा संघ उभा करायला १२५ कोटी रुपये मिळतात, आणि इथे एका माणसाचे साडेसहा हजार कोटींच्या घरात जातात. पण सोटोने गेल्या मोसमात ४३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले, ३८ बेस चोरले (फटक्याविना पुढच्या बेसवर सटकला), १२७ वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस) काढले. पैसा वसूल.

माझं डोकं फिरलंय ते आपला फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) पीट अलोन्सोला जाऊ दिलं म्हणून.

बाल्टिमोरच्या संघाने त्याला पाच वर्षांचे १५.५ कोटी डॉलर दिले. वर्षाला ३.१ कोटी. संघासाठी खेळाडूंचे सौदे करणाऱ्या आपल्या डेव्हिड स्टर्न्ससाहेबांना तेवढे द्यायचे नव्हते. बरं. मग जानेवारीत फलंदाज बो बिशेटला तीन वर्षांचे १२.६ कोटी कुठून आले? वर्षाला ४.२ होतात ते! शिवाय आपला संघ लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्च मर्यादेपलीकडे गेला की बसणारा दंड) सगळ्यात वरच्या पायरीवर, तोही दरवर्षीचा गिऱ्हाईक, त्यामुळे जास्तीच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट दंड. म्हणजे बिशेट या वर्षी पडला पावणेनऊ कोटींच्या वर. तोच हिशेब अलोन्सोला लावा, साडेसहा होतात. आता सांगा, बचत कुठे झाली?

स्टर्न्सची बाजू मला कळते. अलोन्सो ३१ वर्षांचा, करार संपेपर्यंत छत्तिशीला टेकलेला असेल. अशा धिप्पाड, उजव्या हाताच्या फर्स्ट बेसमनचा खेळ एकदा उतरू लागला की झपाट्याने उतरतो, हेही खरं. बिशेटचा करार छोटा, लवकर मोकळे होता येतं. कागदावर सगळं बरोबर आहे. पण या माणसाने मेट्ससाठी २६४ होमरन मारलेत, डॅरिल स्ट्रॉबेरीपेक्षाही जास्त, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. आणि मागची दोन वर्षं १६२ पैकी १६२ सामने खेळला! ज्या संघात दर पंधरवड्याला कुणाचा तरी स्नायू दुखावतो, तिथे याची किंमत कुठल्या एक्सेल शीटमध्ये धरली होती?

मुळात २०२५ मध्ये आपण बॅटिंगमुळे बुडालोच नव्हतो. १२ जूनला ४५ विजय, २४ पराभव. त्यानंतर ३८ विजय, ५५ पराभव. पिचर (चेंडू टाकणारे) एकेक करून जायबंदी झाले किंवा मार खात गेले. शेवटच्या दिवशी आपण मायामीत खेळत होतो, बाद फेरीच्या जागेसाठी आपल्याशी झुंजणारी सिनसिनाटीही हरत होती, आपण फक्त जिंकायचं होतं. पाचव्या इनिंगमध्ये बेस लोडेड (तिन्ही बेसवर आपली माणसं), अलोन्सोने चेंडू असा काही हाणला की मी सोफ्यावरून उठलो होतो, आणि तो थेट लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये. ४-० ने हरलो. मोसम खलास.

त्यावर उपाय काय, तर धावा वाचवायच्या, क्षेत्ररक्षण सुधारायचं. कबूल. ब्रँडन निमोला टेक्सासला देऊन मार्कस सिमियन आणला, सेकंड बेसवर तो अजूनही सोनं आहे. पण थर्ड बेसला बिशेट, जो मेजर लीगमध्ये तिथे कधी उभाच राहिलेला नाही. आणि फर्स्ट बेसला म्हणे होर्हे पोलांको, ज्याचा मेजर लीगमधला तिथला अनुभव एका चेंडूचा. एका सामन्यातला नव्हे, एका चेंडूचा! यालाच क्षेत्ररक्षण सुधारणं म्हणत असतील तर माझा नमस्कार.

आता माझी बॅटिंग ऑर्डर. लिंडोर, सोटो, बिशेट, पोलांको, लुईस रॉबर्ट, अल्वारेझ, बेटी, सिमियन, आणि नववा तो नवा पोरगा कार्सन बेंज, मोसमापूर्वीच्या शिबिरात टिकला तर. पहिले तिघे कुठल्याही पिचरला घाम फोडतील. बिशेटच्या बॅटला चेंडू लागतोच, सोटो बेसवर असताना असा माणूस हवाच. गोची आहे चौथ्या-पाचव्या जागेवर. पोलांकोचे गेल्या वर्षी २६ होमरन, चांगलं आहे, पण अलोन्सोच्या १२६ आरबीआय (फटक्याने मिळवून दिलेल्या धावा) त्याच्याकडून मागणं अन्याय आहे. रॉबर्टने २०२३ मध्ये ३८ मारले होते, त्यानंतर अर्धा वेळ दुखापतींच्या यादीत. इथे नऊच्या नऊ जण आलटून पालटून येतच राहतात, शेपूट लपवता येत नाही. सिमियन आठवा का, असं विचारणाऱ्यांनी त्याची गेल्या वर्षीची सरासरी बघावी.

या सगळ्या उलाढालीत मला मनापासून आवडलेला सौदा एकच, फ्रेडी पेराल्टा. मिलवॉकीसाठी १७ सामने जिंकलेला पिचर या वर्षी फक्त ८० लाख डॉलरमध्ये खेळणार. दोन चांगली पोरं द्यावी लागली, द्यायलाच हवी होती. पण त्याचा करार या मोसमानंतर संपतोय. कोहेनसाहेब, चेकबुक उघडंच आहे तर त्याच्याशी पोर्ट सेंट लुसीच्या शिबिरातच बोलून घ्या, पुढच्या डिसेंबरात तोही बाल्टिमोरला निघाला तर मी मेट्सचं तिकीट काढणार नाही.