शेपटीच्या कामाला तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार बाब,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमच्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) मॉडेल विमानाच्या शेपटीचं कव्हरिंग, म्हणजे सांगाड्यावर इस्त्रीने प्लास्टिकची फिल्म चढवणं, आणि जोडणी तुम्ही आमच्याकडे करून घेतलीत, तिचे २,८०० रुपये झाले. तक्रारी अशा: दोन आठवडे लावले, फिल्मला सुरकुत्या पडल्या, प्रत्येक खणात टाचणीचं भोक आहे, मागून पाहिलं की शेपटी तिरकी दिसते, आणि वर नाकात शिसं घालून दिलं. हेच प्रश्न दुकानात इतरही विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भोकं, कारण ‘खऱ्या विमानाला अशी भोकं नसतात’ असं तुम्ही ठासून लिहिलंय. ती मुद्दाम पाडलेली आहेत. शेपटीचा सांगाडा बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, काड्यांचा. दोन्ही बाजूंनी फिल्म बसली की काड्यांमधला प्रत्येक खण हवाबंद होतो. मग इस्त्री फिरवली की आतली हवा तापून फुगते आणि फिल्म ताठ व्हायच्या ऐवजी पापडासारखी वर येते. म्हणून खालच्या बाजूने, काडीला लागून, एकेक टोचणी. खऱ्या विमानांचं म्हणाल तर बोगमाळोच्या नौदल संग्रहालयातली विमानं पाहून हे कळणार नाही, ती बहुतेक पत्र्याची. पायपर कबसारख्या कापड चढवलेल्या विमानांना मात्र खालून भोकं ठेवलेली असतात, आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून.

आता वेळ. शेपटी तुम्ही ऐन जुलैत आणून दिलीत. तेव्हा आपल्याकडे हवा किती दमट असते ते कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा. बाल्सा ती ओल पिऊन घेतो आणि किंचित फुगतो. त्या अवस्थेत फिल्म चढवली तर लाकूड पुढे सुकतं, आक्रसतं आणि वरची फिल्म सैल पडते. म्हणून काम सुरू करण्याआधी सांगाडा कोरड्या कपाटात पडून होता. तुम्हाला ते दिवस रिकामे वाटले, पण मी हे सामान घेतानाच सांगितलं होतं. ‘घाई आहे’ म्हणणाऱ्याला मी पावसाळ्यात काम घेत नाही.

मग पॉलिश पेपर, धूळ पुसणं आणि इस्त्री. ऑराकव्हरचा (ही त्या फिल्मची कंपनी) गोंद १०० अंश सेल्सियसच्या आसपास धरतो, फिल्म आक्रसायला १५० च्या जवळ जावं लागतं. आधी सगळ्या कडा कमी उष्णतेवर चिकटवायच्या, ताण नंतर द्यायचा. खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. आणि ताण दोन्ही बाजूंना थोडा थोडा, आलटून पालटून. एकच बाजू तापवत बसलं तर पातळ स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा भाग) त्या बाजूला केळीच्या पानासारखा वळतो, आणि शेपटी अशी पिळली की ट्रिमने, म्हणजे रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीने, विमान सरळ उडत नाही.

सुरकुत्यांबद्दल: अभिप्रायासोबत तुम्हीच टाकलेल्या फोटोत विमान गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेलं दिसतंय, कडक उन्हात. लाल फिल्म, बंद काचा. लाकडात उरलेली थोडी ओलही तिथे उडाली आणि सांगाडा आणखी आक्रसला. फोटो मोठा करून पाहिला, एकही कड सुटलेली नाही. गोंद नीट धरलाय, फक्त ताण गेलाय. अशी फिल्म पुन्हा इस्त्रीने ताठ होते. या प्रकारच्या कव्हरिंगचा हा नेहमीचा देखभालीचा भाग आहे, एकदा केलं आणि विसरलं असं ते नसतं.

जोडणीतली एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, कारण ती आता दिसत नाही. स्टॅबिलायझर जिथे धडावर बसतो तिथली फिल्म काढावी लागते, लाकडाला लाकूड भिडल्याशिवाय इपॉक्सी गोंद काय धरणार? ती पट्टी सुरीने कापली तर बाल्सावर चर पडते आणि नेमक्या त्या रेघेवर शेपटी हवेत मोडते. आम्ही ती सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने कापतो. फिल्म वितळते, लाकूड शाबूत राहतं. चिकटवण्याआधीचा फोटो तुम्हाला पाठवला होता. बिजागऱ्यांच्या खाचांभोवतीही तेच, तिथली फिल्म सोडवली नाही तर पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) आत मुरतच नाही. वाळल्यावर प्रत्येक बिजागरी ओढून पाहिली आहे. एलिव्हेटर, म्हणजे स्टॅबिलायझरमागची हलणारी पट्टी, वेगात फडफडला तर विमान परत येत नाही, त्यामुळे इथे मी कुणाचं ऐकत नाही.

तिरकेपणा: नाकाच्या मध्यबिंदूपासून स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं आहे, फिनला (शेपटीच्या उभ्या भागाला) गुण्या लावलेला आहे, आणि आडवी पातळी आम्ही पंखाच्या बैठकीवरून धरली. तुमच्या विमानाचा पंख रबर बँडने बसतो. तो बैठकीवर जरा कलला की दोष शेपटीला लागतो. बँड सोडा, पंख नीट बसवा आणि पुन्हा मागून बघा.

शिसं का, तर तुमचं किट ग्लो इंजिनासाठी, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या जड इंजिनासाठी, आखलेलं. तुम्ही हलकी इलेक्ट्रिक मोटर लावलीत, बॅटरी पुढे सरकवायला जागा नाही, आणि शेपटीवर फिल्मच्या दुहेरी थराच्या नक्षीच्या चौकटी तुम्हालाच हव्या होत्या. शेपटी पंखापासून लांब, नाक जवळ. त्यामुळे मागे वाढलेला एक ग्रॅम पुढे दोन-तीन ग्रॅम मागतो. ट्रेनरचा सीजी (गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांत हवा, तुमचा मागे जात होता. चौकटी काढल्या तर शिसंही कमी करता येईल.

‘उडवून दाखवलं नाही’ हेही लिहिलंय. गिऱ्हाइकाचं विमान मी उडवत नाही. एकीकडे दाभोळी विमानतळ, दुसरीकडे २०२३ पासून मोपचा. तुमच्या सड्यावर उडवायला परवानगी लागते का, ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर स्वतः बघून घ्या.

पैसे परत करण्याचं कारण मला दिसत नाही. सुरकुत्या मात्र तुमच्यासमोर ताठ करून देईन, त्याचे पैसे नाहीत. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, तो दिवस सोडून या, आणि चवथीच्या आठवड्यात दुकान बंद आहे. येताना पंख, बॅटरी आणि रबर बँडही आणा.

— दुकानमालक, म्हापसा